उसन्या नावाची मुलगी

(आमच्या रेडिओ केंद्रावरून ‘इतिहासातल्या बाया’ या मालिकेत वाचलेलं भाषण)

कामं आवरून निवांत बसला असाल, नाहीतर शेंगा फोडता फोडता, मेथी निवडता निवडता ऐकत असाल. तसंच ऐका. आजची गोष्ट लांबच्या देशातली आहे आणि खरी आहे.

एक बाजार डोळ्यांपुढे आणा. सन १९४३ च्या आसपासचा, पोलंड देशातल्या किएल्त्से नावाच्या शहरातला. लढाई चालू आहे, देश जर्मनांच्या ताब्यात आहे, दुकानांत माल नाही. जो मिळतो तो चोरून, बाजारात उभ्या उभ्या. त्या गर्दीत बारा वर्षांची एक मुलगी पाव विकते आहे. छोटे गोल पाव, तिच्या आईने घरात भाजलेले. मुलीचे केस सोनेरी, डोळे निळे, बोली अगदी तिथली. लोक तिला क्रिशा म्हणून ओळखतात.

तिचं नाव क्रिशा नाही. तिचं खरं नाव नेहामा. ती ज्यू आहे. हे कोणाला कळलं तर ती मरेल, तिची बहीण मरेल, घरात दडून बसलेले आईबाप मरतील आणि ज्यांनी त्यांना घरात घेतलं आहे ती माणसंही मरतील. मुलीला हे सगळं माहीत आहे. ती पाव मोजून देते, पैसे मोजून घेते आणि घरी जाते.

ही मुलगी जगली. मोठी होऊन अमेरिकेत समाजशास्त्राची प्राध्यापक झाली. तिचं लग्नानंतरचं नाव नेहामा टेक. आपल्या लहानपणाचं पुस्तक तिने १९८२ साली छापलं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो ‘कोरडे अश्रू’. लढाई संपून तेव्हा ३७ वर्षं झाली होती. इतकी वर्षं ती गप्प का राहिली, तेही आज बघू.

आधी ज्यू म्हणजे कोण, ते सांगायला हवं. आपल्या कोकणातल्या बायांना सांगायची गरज नाही. अलिबागकडे ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे तेच हे लोक. घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. स्वतःला ते बेने इस्राएल म्हणवतात. मराठी बोलतात, बाया लुगडं नेसायच्या, अलिबागला अजून इस्राएल आळी आहे. शेकडो वर्षं ते आपल्यात राहिले आणि ‘तुम्ही ज्यू आहात’ म्हणून त्यांच्या अंगावर कोणी धावून गेलं नाही. नंतर पुष्कळजण इस्राएलला गेले ते आपल्या मर्जीने. त्याच धर्माचे, पण अगदी वेगळ्या भाषेचे आणि चालीरीतींचे लाखो लोक युरोपात राहत होते. एकट्या पोलंडमध्ये लढाईआधी सुमारे ३३ लाख ज्यू होते. त्यातले जवळजवळ ३० लाख मारले गेले.

पोलंडशीही आपली एक ओळख आहे, ती विसरायला नको. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलंडहून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसं राहत होती, त्यात बाया आणि मुलंच जास्त. ती बहुतेक ख्रिस्ती होती आणि रशियाने आपल्या मुलुखात हाकलून नेलेली होती, तिथून सुटून फिरत फिरत इथवर आली. म्हणजे नेहामा किएल्त्सेच्या बाजारात उभी होती, तेव्हा तिच्याच देशातल्या दुसऱ्या मुली पंचगंगेकाठी दिवस काढत होत्या. ती कथा पुन्हा कधीतरी.

नेहामाचा जन्म १९३१ चा, लुब्लिन शहरातला. वडील कारखानदार होते, घर खातंपितं. एक थोरली बहीण. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौज आली तेव्हा नेहामा आठ वर्षांची होती. मग एकेक हुकूम निघत गेला. ज्यूंच्या मुलांना शाळा बंद. ज्यूंनी दंडावर निळ्या चांदणीची पांढरी पट्टी बांधूनच बाहेर पडायचं. कारखाने, दुकानं, घरं काढून घेतली. सगळ्यांना एका कोंडवाड्यासारख्या वस्तीत ढकललं. मार्च आणि एप्रिल १९४२ मध्ये लुब्लिनच्या त्या वस्तीतून २५ हजारांहून जास्त माणसं रेल्वेच्या डब्यांत भरून बेउझेत्स नावाच्या ठिकाणी नेली. तिथे राहायला बराकी नव्हत्याच म्हणा ना. माणसं नेली की काही तासांत विषारी धुराने मारायची, एवढ्यासाठीच ती जागा बांधलेली होती. शिवाय लुब्लिन शहराच्या अगदी कडेला मायदानेकची छावणी होती.

अशा वेळी आईबापांनी काय करायचं?

पळून जायला जागा नव्हती. राहिलं लपणं. लपायचं तर कोणीतरी घरात घ्यायला हवं. आणि जर्मनांचा कायदा असा होता की वस्ती सोडून बाहेर सापडलेल्या ज्यूला मरण, आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मरण. ऑक्टोबर १९४१ मध्ये तसा हुकूम निघाला होता. आसरा देणाऱ्या घरातल्या पोराबाळांनाही सोडत नसत. बायांनो, आपण दार उघडलं असतं का, हे आम्ही इथे विचारत नाही. उत्तर देणं फार सोपं आहे आणि खरं उत्तर कोणालाच ठाऊक नसतं.

लपण्याचे दोन प्रकार होते. एक म्हणजे माळ्यावर, तळघरात, भिंतीआड दडून बसायचं. ॲन फ्रँकची गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळींनी शाळेत ऐकली असेल, ती या पहिल्या प्रकारातली. दुसरा प्रकार म्हणजे उघड्यावर लपायचं. खोटे कागद करायचे, नाव बदलायचं, ख्रिस्ती म्हणून चारचौघांत वावरायचं. पण त्याला रूप तसं हवं आणि भाषा तशी हवी. पोलंडमधल्या पुष्कळ ज्यूंची घरातली भाषा वेगळी, यिद्दिश. त्यामुळे पोलिश बोलताना हेल कळायचा. आपल्याकडे कसं, दोन वाक्यं ऐकली की बाई घाटावरची की कोकणातली ते कळतं, तसंच. मुलग्यांचं तर आणखी अवघड, कारण ज्यूंमध्ये सुंता असते. कपडे उतरवले की संपलं. आणि शेजारीपाजारी असे लोक होते की त्यांनी ज्यू ओळखणं हा धंदाच केला होता. पैसे द्या, नाहीतर पोलिसांना सांगतो. पैसे संपले की तरीही सांगायचे.

नेहामा आणि तिची बहीण दोघी गोऱ्या, सोनेरी केसांच्या, पोलिश उत्तम बोलणाऱ्या. त्यांना बाहेर वावरता येत होतं. आईवडिलांना येत नव्हतं. काही काळ मुली आईवडिलांपासून दूर, अनोळखी घरांत राहिल्या. पुढे चौघं किएल्त्सेला एका गरीब पोलिश कुटुंबात एकत्र आले. मुली म्हणजे लांबच्या नात्यातल्या अनाथ पोरी, असं जगाला सांगायचं. आईवडील जगाच्या लेखी नव्हतेच. कोणी दार वाजवलं की त्यांनी नाहीसं व्हायचं.

हे भाषण लिहिण्याआधी आम्ही आमच्या गटाच्या बैठकीत ही गोष्ट सांगून पाहिली. तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: “बाप घरात कोंडलेला, मग घर चालवत होतं कोण?”

अगदी नेमका प्रश्न. पुरुष इतिहास लिहितात तेव्हा हा प्रश्न क्वचित विचारतात. जवळ होतं नव्हतं ते विकून घरमालकांना पैसे देणं चालू होतं. ते आटत चालले. तेव्हा आईने पाव करायला घेतले. जी बाई खिडकीशी उभी राहू शकत नव्हती, ती घरात पीठ मळत होती, आणि माल बाजारात न्यायला होती धाकटी नेहामा. जर्मनांच्या राज्यात अशी परस्पर विक्री गुन्हाच होती. बाजारावर धाडी पडायच्या, माल जायचा, आणि रस्त्यातून माणसं उचलून मजुरीला जर्मनीला धाडायचे. हे साध्या पोलिश माणसांच्याही वाट्याला येत होतं. नेहामाला धाड पडली की दुप्पट भीती. तिच्या टोपलीत पाव होते आणि तिच्या नावात खोट होती.

आपल्यातल्या ज्या बाया पापड-शेवया करून आठवडी बाजारात नेतात त्यांना एक गोष्ट लगेच कळेल. पहिल्या विक्रीचे पैसे हातात आले की पोरीची मान कशी ताठ होते! नेहामाच्याही लिहिण्यात ते दिसतं. ती घरातली कमावती झाली होती. आईबाप तिच्यावर अवलंबून होते. हा अभिमान तिला होता आणि त्या अभिमानाची किंमतही होती. बारा वर्षांच्या मुलीला आईबापांना धीर द्यावा लागत होता. बाजारात काय घडलं त्यातलं किती घरी सांगायचं, हे तिला ठरवावं लागत होतं.

आणि सगळ्यांत अवघड होतं ते हे. क्रिशा म्हणून वावरताना तिला मैत्रिणी मिळाल्या. त्या पोरी, त्यांच्या आया, बाजारातली माणसं ज्यूंबद्दल वाटेल ते बोलायची. ज्यू असे, ज्यू तसे, बरं झालं गेले ते. तिथे उभं राहून ऐकायचं. चेहरा हलू द्यायचा नाही. रडू आलं तरी ते दिसता कामा नये. प्रार्थना पाठ करायच्या, छातीवर क्रूस करताना हात चुकू द्यायचा नाही. रोज, दर क्षणी. असं वर्षानुवर्षं केल्यावर आत कोण आणि बाहेर कोण हे त्या मुलीचं तिलाच कळेनासं होतं. माळ्यावर लपलेल्याला निदान अंधारात स्वतःचं नाव तरी मनात घेता येतं. आम्हाला वाटतं, उघड्यावर लपलेल्या मुलाची कैद जास्त खोल होती. यावर कोणी वाद घालेलही.

हे फक्त तिचंच झालं असं नाही. शाऊल फ्रीडलेंडर नावाचे एक मोठे इतिहासकार आहेत. त्यांनीही आपल्या लहानपणाचं पुस्तक लिहिलं, १९७८ मध्ये, फ्रेंच भाषेत. त्यांचा जन्म १९३२ चा, प्राग शहरातला. जर्मन आले म्हणून आईबाप त्यांना घेऊन फ्रान्सला पळाले. १९४२ मध्ये तिथेही ज्यूंची धरपकड सुरू झाली. आईबापांनी दहा वर्षांच्या मुलाला एका कॅथलिक शाळेच्या वसतिगृहात ठेवलं, त्याचा बाप्तिस्मा होऊ दिला, नाव बदलू दिलं. मुलगा तिथून पळाला. जवळच्या रुग्णालयात आईबाप आसऱ्याला होते, तिथे त्यांना शोधत गेला. वडिलांच्या खाटेचा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तो सोडवून त्याला परत पाठवावं लागलं.

पुढचं ऐकवत नाही, पण सांगायला हवं. थोड्याच दिवसांनी आईबाप डोंगर चढून स्वित्झर्लंडच्या हद्दीवर पोचले. तिथल्या शिपायांनी त्यांना परत धाडलं. त्या दिवसांत लहान मूल बरोबर असलेल्या जोडप्यांना आत घेत होते. यांच्याबरोबर मूल नव्हतं. मूल त्यांनी सुरक्षित राहावं म्हणून मागे ठेवलं होतं. दोघांना आउश्वित्झच्या छावणीत नेऊन मारलं.

मुलाला हे काहीच माहीत नव्हतं. तो इतका मनापासून ख्रिस्ती झाला की पाद्री व्हायचं म्हणू लागला. लढाई संपल्यावर, १९४६ मध्ये, एका जेझुइट पाद्र्यानेच त्याला जवळ बसवून आउश्वित्झ म्हणजे काय ते सांगितलं. त्या पाद्र्याने मुलगा आपल्याकडे ठेवायचा मोह धरला नाही. तो काही न सांगता गप्प बसला असता तरी त्याला कोणी विचारणारं नव्हतं. मुलाने आपलं ज्यू असणं परत घेतलं, दोन वर्षांनी तो इस्राएलला गेला. पुढे त्या संहाराचा इतिहास त्यांनी दोन मोठ्या खंडांत लिहिला आणि त्यात माणसांच्या डायऱ्यांना, पत्रांना कागदपत्रांइतकीच जागा दिली.

आता परत किएल्त्सेला. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौज आली आणि जर्मन पळाले. नेहामाचं कुटुंब वाचलं, चौघंही. लुब्लिनमध्ये लढाईआधी सुमारे ४० हजार ज्यू होते. तिथे आईबाप आणि लेकरं सगळीच्या सगळी वाचलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीही नव्हती. युरोपभर मारल्या गेलेल्या ज्यूंमध्ये सुमारे १५ लाख मुलं होती.

निघायची वेळ झाली तेव्हा घरमालकांनी एक विनंती केली. आपण ज्यू आहोत आणि या घरात राहत होतो, हे कोणाला सांगू नका. क्रिशा म्हणूनच जा. जर्मन गेले होते, फाशीची भीती गेली होती. आता भीती शेजाऱ्यांची होती. ज्यूंना वाचवलं हे कळलं तर गल्लीत तोंड दाखवता येणार नाही, अशी भीती. म्हणजे लढाई संपल्यावरही मुलीने तेच उसनं नाव अंगावर घेऊन ते गाव सोडलं.

ती भीती खोटी नव्हती. दीड वर्षाने, जुलै १९४६ च्या सुरुवातीला, त्याच किएल्त्से शहरात आठ वर्षांचा एक पोलिश मुलगा दोन दिवस घरातून नाहीसा झाला. तो न सांगता ओळखीच्या गावी गेला होता. परत आल्यावर मार चुकवायला, किंवा मोठ्यांनी पढवलं म्हणून, त्याने सांगितलं की ज्यूंनी मला तळघरात डांबलं होतं. ज्या इमारतीकडे त्याने बोट दाखवलं तिला तळघरच नव्हतं. तरी ४ जुलैला जमाव जमला. त्यात पोलीस होते, शिपाई होते, कामगार होते, बाया होत्या. त्यांनी ४२ ज्यूंना मारलं. हे छावण्यांतून, जंगलांतून जिवंत परतलेले लोक होते. त्यानंतर उरलेसुरले ज्यू हजारोंनी पोलंड सोडून गेले. नेहामाचं कुटुंबही गेलं. ती आधी इस्राएलला, मग १९५२ मध्ये अमेरिकेला पोचली, शिकली, डॉक्टरेट मिळवली, मुलं झाली.

आणि गप्प राहिली. लपलेली मुलं पुष्कळशी अशीच गप्प राहिली. कोणाला सांगायला गेलं तर मोठी माणसं म्हणायची, तू छावणीत कुठे होतीस? तू लहान होतीस, तुला काय आठवणार! विसर आणि पुढे बघ. ज्यांनी आईबाप गमावले, नाव गमावलं, त्यांना वाटायचं आपलं दुःख मोजण्याच्या लायकीचं नाही. १९९१ मध्ये न्यूयॉर्कला अशा मुलांचा पहिला मोठा मेळावा झाला. तोवर ती पन्नाशी-साठीची झाली होती. सोळाशेच्या आसपास माणसं आली. पुष्कळांनी तिथे पहिल्यांदाच तोंड उघडलं.

आमच्या बैठकीत दुसरा प्रश्न आला त्यावर मात्र भांडण झालं. एक मावशी म्हणाल्या, “पैसे घेऊन ठेवलं ना त्यांनी? भाडेकरूच की. मग उपकार कसला?” दुसरी म्हणाली, “पैसे तर पोलिसांना सांगूनही मिळत होते, आणि जिवाला घोर नव्हता.” तिसरीने विचारलं, “ज्यूंबद्दल त्या घरातली माणसं काय बोलायची?” तेही नेहामाने लिहून ठेवलंय. ज्यू वाईटच, पण तुम्ही काही त्यांच्यासारखे नाही, असं ती माणसं या कुटुंबाला कौतुकाने म्हणायची. असं कौतुक आपल्याकडच्या काही बायांच्याही वाट्याला आलेलं आहे. कोणाच्या आणि कशाबद्दल, ते आम्ही फोडून सांगत नाही.

नेहामा टेक यांनी पुढे याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. पोलंडमध्ये ज्यूंना वाचवणारे ख्रिस्ती कोण होते, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९८६ मध्ये पुस्तक काढलं. वाचवणारे श्रीमंत होते का? शिकलेले होते का? देवभोळे होते का? असा कोणताच एक साचा सापडला नाही. गरीब होते तसे श्रीमंत होते, धार्मिक होते तसे धर्म न मानणारेही होते. सापडलं ते वेगळंच. ही माणसं गल्लीत थोडी एकटी, आपल्या मताने चालणारी होती. आजाऱ्याकडे जाऊन बसणं, उपाशी आलेल्याला वाढणं हे ती लढाईच्या आधीपासून करत होती. ज्यू दारात आला तेव्हा त्यांनी फार विचार केला नाही. का केलंत असं नंतर विचारलं तर त्यांना त्यात विशेष काही केल्यासारखं वाटायचं नाही.

पैसे घेऊन आसरा देणाऱ्यांना मात्र त्यांनी या माणसांत मिसळलं नाही. त्यांचा वेगळा गट केला, वेगळा विचार केला. म्हणजे ज्या घराने तिला जिवंत ठेवलं, ते घर तिने अभ्यासात या वेगळ्या रकान्यात ठेवलं. आणि त्याच घरातली माणसं आपल्या आठवणींच्या पुस्तकात तिने रागाशिवाय, त्यांची गरिबी, त्यांचे टोमणे, त्यांची भीती आणि त्यांचा ओलावा सगळं जसंच्या तसं लिहिलं.

मावशींना आम्ही हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “पावाचे पैसे कोण ठेवायचं, आई की पोर?” ते मात्र आम्हाला सांगता आलं नाही.